एस्तेरबाई आणि नव्वदची रेघ

एस्तेरबाई कोणत्याही मुलीला हुशार म्हणत नसत. मठ्ठ तर नाहीच नाही. शिक्षकांच्या खोलीत आम्ही बाकीच्या सगळ्याजणी हे दोन शब्द दिवसातून पन्नासदा वापरायचो. वर्गातली प्रत्येक मुलगी आमच्या लेखी या नाहीतर त्या टोपलीत पडलेली असायची. एस्तेरबाईंना एखादीबद्दल विचारलं, तर त्या चष्मा नाकावर खाली ओढून थोडा वेळ विचार करायच्या आणि सांगायच्या, "ऐकलेली गोष्ट तिला क्रमानं सांगता येते. वजाबाकीत हातचा विसरते. सुई ओवायची असली तर तिच्याकडे द्या." एवढंच. त्यावरून ती हुशार की मठ्ठ हे आमचं आम्ही ठरवायला जायचो, आणि ते काही ठरायचं नाही.

गंमत अशी, की आमच्या शाळेत, आणि माझ्या माहितीप्रमाणे तेव्हाच्या सगळ्या नगर जिल्ह्यात, बुद्धी मोजायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या त्या एकट्याच होत्या.

मी त्या शाळेत लागले ती दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांत. मुलींची बोर्डिंग शाळा होती, नगरच्या वेशीबाहेर. मी गावातल्या तोफखाना भागातून रोज चालत जायची. वय बावीस, ट्रेनिंग नुकतंच झालेलं, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत. एस्तेरबाई तेव्हा पन्नाशीकडे झुकल्या होत्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढरं पातळ आणि मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. दागिना म्हणून काही नाही. चालताना किंचित पुढं वाकून चालायच्या, जमिनीवर काहीतरी पडलंय आणि ते उचलायचंय अशा. बोलणं हळू. खुर्चीवर बसून त्यांनी कधी मुलीशी बोललेलं मला आठवत नाही. मुलगी जमिनीवर तर त्याही जमिनीवर.

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तीत चित्रांचे पुठ्ठे, लाकडी ठोकळे, दोऱ्यात ओवायचे मणी, एक स्टॉपवॉच आणि प्रश्नांचं जाड पुस्तक. संस्थेनं त्यांना एक वर्ष पुण्याला धाडलं होतं, तिथून त्या हे सगळं शिकून आल्या होत्या. मला त्यांच्या हाताखाली दिलं ते उत्तरं लिहून घ्यायला. माझं अक्षर चांगलं होतं, दुसरं कारण नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, हा आकडा काढतात कसा?"

त्यांनी खडूनं फरशीवरच मांडून दाखवलं. "समज, मुलगी दहा वर्षांची आहे. दहा वर्षांच्या बहुतेक मुलींना जेवढं जमतं, तेवढं हिला जमलं, तर हिच्या बुद्धीचं वय दहा. बुद्धीच्या वयाला खऱ्या वयानं भागायचं, शंभरानं गुणायचं. आले शंभर. कमी जमलं तर शंभराच्या खाली, जास्त जमलं तर वर."

"म्हणजे शंभरपैकी मार्क."

"नाही. मार्क शिकवलेल्याचे असतात. हे टिपण आहे. आज, या खोलीत, या प्रश्नांपुढं ही मुलगी काय करू शकली, त्याचं. उद्या तिचं डोकं दुखत असलं तर टिपण वेगळं येईल."

आणि खरंच, प्रत्येक मुलीला त्या सगळ्यात आधी एकच विचारायच्या, "सकाळी काय खाल्लंस?" मुलगी गप्प बसली, की पेटी बंद. मग स्वयंपाकघरातून भाकरी यायची, ती खाऊन व्हायची, आणि तासाभरानं पुन्हा पेटी उघडायची. मला पहिल्यांदा हा वेळेचा अपव्यय वाटला. मी तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "उपाशी मुलीची बुद्धी मोजायची नाही कुसुम. मोजली जाते ती भूक, आणि आपण खाली बुद्धी म्हणून लिहितो."

स्वतःचा आकडा मात्र त्यांनी कुणाला सांगितला नाही. पुण्याला शिकताना प्रत्येकीची परीक्षा झाली होती हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीनं तो काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्या नुसत्या हसायच्या. मला तो आजतागायत माहीत नाही.

पण या आकड्यावर त्यांचा जीव होता, हेही खरं. त्याचं कारण मला एका दुपारी कळलं. एस्तेरबाईंचा बाप राहुरीकडच्या एका खेड्यात गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. त्यांच्या आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतला होता, पण गावानं घर गावकुसाबाहेरच ठेवलं होतं. गावच्या शाळेत एस्तेरबाई ओसरीच्या खाली, उन्हात बसून शिकल्या. मास्तर वरून पाटीवर नजर टाकायचे आणि म्हणायचे, "तुमच्या डोक्यात हे शिरायचं नाही, उगा कशाला डोळे फोडून घेता?" हे त्यांनी मला रागानं सांगितलं नाही. मास्तरांचा आवाज कसा होता, ते धोतराचा सोगा कसा धरायचे, तेही सांगितलं.

आमच्या शाळेत गोदूताई म्हणून एक वडीलधाऱ्या शिक्षिका होत्या. मनानं वाईट नव्हत्या, पण मुलगी कोणत्या घरातली आहे हे कळल्याशिवाय त्यांना तिचं अक्षरसुद्धा वाचता येत नसे. एकदा एस्तेरबाईंनी वीसेक मुलींचे उत्तरांचे कागद शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर पसरले. नावांवर कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. "गोदूताई, यातल्या पेठेतल्या मुलींचे कागद एकीकडे करा आणि गावकुसाबाहेरच्या मुलींचे एकीकडे. तुमचा अनुभव मोठा आहे."

गोदूताईंनी पाच मिनिटांत दोन गठ्ठे केले. एस्तेरबाईंनी चिठ्ठ्या एकेक करून सोलल्या. दोन्ही गठ्ठ्यांत दोन्हीकडच्या मुली सारख्याच मिसळल्या होत्या. पेठेतल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलेला कागद भंगीवाड्यातल्या मुलीचा निघाला, तो गोदूताईंनी आपल्या भाचीचा समजून ठेवला होता. एस्तेरबाईंनी कागद गोळा केले, गोदूताईंना चहा ओतून दिला आणि रेशनच्या साखरेबद्दल काहीतरी बोलू लागल्या.

परत येताना मला म्हणाल्या, "मला हा आकडा का आवडतो ते कळलं? तो दारात उभं करून जात विचारत नाही."

तरीही त्या एखाद्या मुलीचा आकडा कुणाला सांगत का नसत, हुशार हा शब्द का टाळत, याच्या मागं एक दुखणं होतं. पुण्याहून आल्या आल्या त्यांनी एका मास्तरांच्या मुलीची परीक्षा घेतली होती. नलू तिचं नाव, आठ वर्षांची. आकडा आला एकशेबत्तीस. एस्तेरबाई इतक्या आनंदल्या, की संध्याकाळी स्वतः मास्तरांच्या घरी जाऊन सांगून आल्या. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी मुलीला आल्यागेल्यापुढं उभी करायला सुरुवात केली. पाहुणे आले की पाढे, गुणाकार, श्लोक. चुकली की, "एकशेबत्तीस ना तू?" सहा महिन्यांत नलू उत्तर देईनाशी झाली. माहीत असलेलंही सांगेना, कारण न सांगितलेलं चुकत नाही. एस्तेरबाईंनी पुढं दोन वर्षं दर रविवारी तिला घरी नेऊन नुसतं खेळू दिलं. मणी, सागरगोटे, चिंचोके. पोर हळूहळू बोलू लागली. "तिला मी आजारी पाडली," त्या म्हणायच्या. "कमी आकड्यानं पोरं बुडतात हे मला माहीत होतं. जास्त आकड्यानंही बुडतात, हे पुस्तकात नव्हतं."

आता भास्कररावांविषयी सांगायला हवं, कारण त्यांना सोडून पुढचं सांगितलं तर त्यांच्यावर अन्याय होईल.

भास्करराव संस्थेचे सेक्रेटरी. कोर्टातून निवृत्त झालेले, काळी टोपी, हातात कायम फाइल. दरवर्षी खेड्यांतल्या बारा मुलींना बोर्डिंगात फुकट जागा मिळायच्या, आणि दरवर्षी त्या बारा जागा कुणाच्या ना कुणाच्या चिठ्ठीवर जायच्या. कमिटीतल्या एकाची भाची, दुसऱ्याच्या कुळाची मुलगी. भास्कररावांना याचा मनस्वी तिटकारा होता. एस्तेरबाईंची पेटी पाहिली आणि त्यांना वाट सापडली. त्यांनी ठराव केला, की मुलींची निवड बुद्धीच्या आकड्यावरच होईल. नव्वदच्या वरची मुलगी घ्यायची, खालची नाही. नव्वदला त्यांनी वहीत तांबड्या शाईनं रेघ मारली.

"आकडा कुणाचा नातेवाईक नसतो, बाई," ते म्हणाले. एस्तेरबाईंना ते पटलं. मलाही पटलं.

त्या वर्षी आम्ही पेटी घेऊन जिल्हाभर हिंडलो. शेवटचं गाव खर्डा. जामखेडपर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, ती चढावर थांबायची आणि सगळ्यांनी उतरून ढकलायची. पुढं बैलगाडी. शाळेतल्या ओसरीवर आम्ही बसलो. पाच मुली आल्या होत्या. चौथी जैनब, तिथल्या एका पिंजाऱ्याची मुलगी. बाप गाद्या-रजया भरायला गावोगाव गेलेला, आई हलीमाबी बरोबर आली होती. मुलगी हडकुळी, केसात कापसाचे तंतू अडकलेले, आणि बघणं असं, की समोरच्या बाईनं आपला पदर सारखा करावा.

मणी ओवले. ऐकवलेले आकडे परत म्हणून झाले, त्यात ती अडखळली. मग चित्र आलं. चित्रात एक घर, घराच्या धुराड्यातून धूर डावीकडे चाललाय, आणि घरामागचं झाड वाऱ्यानं उजवीकडे वाकलंय. प्रश्न, या चित्रात चूक काय? धूर आणि झाड एकाच दिशेला हवेत, हे उत्तर.

जैनबनं चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "चूक न्हाई."

"नीट बघ," बाई म्हणाल्या. एवढं म्हणायची परवानगी असते.

"बगितलं की. आमच्याकडं आसंच जातंय. किल्ल्याच्या भिताडाला वारं थडकतं आन् म्हागारी फिरतं. वर झाड तिकडं, खाली धूर हिकडं. आमी तितं कापूस पिंजत न्हाई, समदा डोळ्यात जातो."

मी पुस्तकातल्या नियमाप्रमाणे शून्य लिहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचे प्रश्न विचारले, परीक्षा पुरी केली. मग राहिलं मुलीचं वय. त्याशिवाय भागाकार होत नाही.

"किती वर्षांची ही, हलीमाबी?"

"आता काय सांगू बाई. चिंचंवर ईज पडली हुती बगा, त्या साली झाली."

"चिंचेवर वीज कधी पडली?"

हलीमाबी म्हणाली दहा वर्षं झाली. शाळेचे मास्तर म्हणाले अकरा. वाटेनं चाललेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दहा बी न्हाई आन् अकरा बी न्हाई, बारा व्हत आली. माजी थोरली लेक तवा नांदाया गेल्ती." मग हलीमाबी आणि तो म्हातारा थोरल्या लेकीच्या लग्नावरून वाद घालत बसले. जन्माची नोंद कुठंच नव्हती. शेवटी बारा नाहीत एवढं सगळ्यांनी कबूल केलं. दहा की अकरा, ते कुणालाच नक्की सांगता येईना.

मी कागदावर मांडून पाहिलं. जैनबच्या बुद्धीचं वय साडेनऊ निघत होतं. खरं वय दहा धरलं तर आकडा पंच्याण्णव. अकरा धरलं तर शहाऐंशी. मधोमध भास्कररावांची तांबडी रेघ.

"बाई, दहा लिहूया ना," मी हळूच म्हणाले. "आईच म्हणतेय दहा."

"आईला माहीत नाही. तिला मुलगी लहान वाटते, एवढंच." त्या उठल्या. "चल, किल्ल्यापर्यंत जाऊन येऊ."

उन्हं कलायची होती अजून. किल्ल्याच्या भिंतीच्या कडेला आम्ही तिघी गेलो, जैनब पुढं. बाईंनी वाळल्या काटक्या आणि पाचोळा गोळा केला, स्वतः वाकून पेटवला आणि वर चिरगुट टाकलं. बुरुजावरच्या लिंबाचे शेंडे पूर्वेकडे झुकत होते. धूर उठला, भिंतीला टेकला, आणि वळून पश्चिमेकडे आमच्या तोंडावर आला. आम्ही खोकत मागं सरलो. जैनब बाजूला उभी होती, जिथं धूर येत नाही तिथं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं.

बाई डोळे पुसत हसत होत्या. धुरानं का कशानं, डोळ्यांतलं पाणी बराच वेळ थांबलं नाही. "पाहिलंस कुसुम? हा आकडा जात विचारत नाही हे खरं. पण तू कुठली, ते विचारतो. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात किल्ला नव्हता."

"मग शून्य खोडू का?"

"नको. पुण्याच्या मुलीला याच उत्तराला शून्य मिळतं. मी इथं नियम वाकवला, तर तो आकडा परीक्षेचा राहणार नाही, माझा होईल. शून्य राहू दे." आणि समासात त्यांनी आपल्या हातानं लिहिलं, 'मुलीचे म्हणणे खरे आहे. मी जाऊन पाहिले.' वयाच्या जागी लिहिलं, 'दहा किंवा अकरा'. आकड्याच्या जागी दोन्ही आकडे.

निघताना हलीमाबीनं विचारलं, "बाई, तितं नेली तर पोरीचा धरम?"

"मी माझा सांभाळते हलीमाबी, ती तिचा सांभाळील. आमच्या शाळेत एक गोदूताई आहेत, हिंदू. मी वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर एका टेबलावर बसते, दोघींचाही शाबूत आहे."

कमिटीपुढं कागद गेले तेव्हा मी फाइली घेऊन भिंतीशी बसले होते. भास्कररावांनी जैनबचा कागद दोनदा वाचला.

"दोन आकडे चालणार नाहीत, बाई."

"खरे दोनच आहेत. एक लिहिला तर खोटा ठरेल."

"आणि हे समासात काय? प्रत्येक उत्तरासाठी किल्ल्यावर जायचं का?"

"जाता आलं तर जावं."

भास्कररावांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "बाई, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण आज तुम्ही एका मुलीसाठी समासात लिहिलंत, उद्या दुसरा कुणी आपल्या भाचीसाठी लिहील. त्याच्या भाचीच्या गावातही धूर उलटा जात असेल. मी ही रेघ कशासाठी मारली ते तुम्हाला माहीत आहे."

मला वाटलं बाई काहीतरी बिनतोड बोलतील. पण भास्करराव चुकीचं बोलत नव्हते. बाईंनी माझ्याकडून फाइली घेऊन कागद मोजले आणि त्या म्हणाल्या, "नऊ मुली रेघेच्या बऱ्याच वर आहेत. त्यांचं काही म्हणणं नाही. तीन जागा उरल्या. रेघेच्या अलीकडे-पलीकडे मिळून सहा मुली आहेत. त्या मेच्या सुट्टीत मला तीन आठवडे द्या. त्यांना काय येतं ते मी मोजलंय. शिकवल्यावर किती शिकतात ते कुणीच पाहिलेलं नाही. शेवटी परीक्षा तुम्ही घ्या, कागद तुम्ही काढा. मी खोलीतसुद्धा येणार नाही. निकाल लागेल तो मला मान्य."

भास्कररावांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. "सुट्टीतलं जेवणखाण?"

"मी बघते."

त्या मेमध्ये बाई राहुरीला भावाकडे गेल्या नाहीत. मीही घरी काहीबाही सांगून राहिले. सहा मुली आल्या. सकाळी वाचन, दुपारी हिशेब, संध्याकाळी विहिरीवर पाणी शेंदणं. ते कामही होतं आणि पोहरे मोजताना पाढेही. बाईंची एक वही होती, तीत प्रत्येक मुलीचं पान. सोमवारी काय येत नव्हतं आणि शनिवारी काय आलं, एवढंच त्यात. आकडा एकही नाही.

जैनब अवघड मुलगी होती. सांगितलं की ऐकायची नाही, आधी 'का' विचारायची. भागाकार मी चार दिवस शिकवला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाई, उरल्यालं कुटं जातं?" मी म्हणाले, बाकी म्हणून लिहायचं. "लिवलं. पर जातं कुटं?" मी वैतागले. एस्तेरबाई मागून म्हणाल्या, "कुसुम, मलाही लहानपणी हेच विचारायचं होतं." आणि शेंगांचा ढीग घेऊन दोघी दुपारभर वाटण्या करत बसल्या.

भास्कररावांनी परीक्षा घेतली. कडक घेतली, पण सरळ घेतली. तीन मुली निवडल्या, जैनब तिसरी. चौथी होती मिरजगावची सोजर, जैनबच्या मागं दोनच मार्कांनी. तिचा पहिला आकडा ब्याण्णव होता, म्हणजे रेघेच्या वर.

तिचा बाप मिरजगावहून आला. शेतकरी माणूस, डोक्याला मुंडासं, शाळेच्या पायरीवर बसला, आत यायला तयार होईना. एस्तेरबाई बाहेर जाऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"बाई, आमच्या पोरीचा आकडा जास्ती हुता म्हनं."

"होता."

"मंग?"

"मी मधे पडले नसते, तर तिला जागा मिळाली असती."

मी दारात उभी होते. एवढं खरं बोलायची गरज नव्हती असं मला तेव्हा वाटलं. त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुमी काय वंगाळ करायचं म्हनून केलं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पर आमची राहिली."

"राहिली," बाई म्हणाल्या. तो गेल्यावर बराच वेळ त्या पायरीवरून उठल्या नाहीत. त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढं दर महिन्याला एका रविवारी मोटारीनं मिरजगावला जाऊ लागल्या, सोजरला शिकवायला. थंडीवाऱ्यात, दमा उठलेला असताना त्यांना जाताना मी पाहिलं आहे.

जैनब बोर्डिंगात पाच वर्षं राहिली. गोष्टीत असतं तशी ती काही चमकली नाही. गणितात बरी, भाषेत बेताची, शिवणात नाव काढणारी, शिस्तीत कायम बोलणी खाणारी. पुढं तिनं दाईचं शिक्षण घेतलं आणि जामखेडकडे कामाला लागली. एकदा वार्षिक समारंभानंतर भास्करराव बाईंना म्हणाले, त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, थोडी खंत होती, "बाई, तुमची ती खर्ड्याची मुलगी शेवटी साधारणच निघाली."

"हो," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण शाळा आपण साधारण मुलींसाठीच काढली आहे ना, भास्करराव?"

भास्कररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पुढच्या वर्षी वहीत तांबडी रेघ दिसली नाही. तिच्या जागी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आकडा पाहावा. मुलगीही पाहावी.' चिठ्ठ्यांवर मुली घ्यायचं मात्र त्यांनी अखेरपर्यंत होऊ दिलं नाही.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी एस्तेरबाईंनी नगरची शाळा सोडली. मिरजगावजवळच्या एका वस्तीवर नवी शाळा निघाली होती, एका खोलीची. तिथं पहिलीचा वर्ग मागून घेतला. आम्ही सगळ्यांनी समजावलं. पगार कमी, पाणी लांब, दम्याला धूळ वाईट. त्यांनी पेटी माझ्या हवाली केली. "तुला आता येतं सगळं," म्हणाल्या. "मुलीनं खाल्लंय का ते मात्र विचारत जा."

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी सोलापूरला गेले. पहिल्यांदा माहेरी येऊन परत जाताना मोटार मिरजगावच्या पुढं त्या वस्तीपाशी थांबली. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, दहा मिनिटं. रस्त्यालगतच शाळा दिसत होती, पत्र्याची, पुढं बाभळ. मी पळतच गेले.

मुलं बाहेर बाभळीखाली अक्षरं गिरवत होती. आत एस्तेरबाई जमिनीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं पाच-सहा वर्षांची एक मुलगी, नाक वाहणारी, मांडीवर पाटी उपडी. बाईंनी तिला काहीतरी विचारलं असावं. मुलगी खाली बघत होती. बाई तिच्याकडे बघत होत्या. दोघीही गप्प. माझी सावली दारात पडली तशी बाईंनी मान न वळवता नुसते डोळे वर केले. मला ओळखलं. चेहरा उजळला. आणि एक बोट हळूच वर केलं, थांब म्हणून.

मी थांबले. केस पार पांढरे झाले होते. खांदे उतरले होते. श्वास छातीत वाजत होता तो मला दारापर्यंत ऐकू येत होता. त्यांनी मुलीला पुन्हा विचारलं नाही, मदत केली नाही, हलल्यासुद्धा नाहीत. मोटारीचा भोंगा वाजला. मग पुन्हा वाजला, लांबलचक. मला खूप सांगायचं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जा, असं. उठल्या नाहीत.

मी धावत येऊन खिडकीशी बसले. मोटार हलली. शाळेच्या दारातून आतलं अजून दिसत होतं. मुलीनं मान वर केली होती, तिचे ओठ हलत होते, आणि एस्तेरबाई एक हात जमिनीवर टेकून, ऐकायला, तिच्याकडे आणखी वाकल्या होत्या.